पूर ओसरल्यावरचा सिनेमा

कोरियन-जपानी सिनेमे म्हणजे नुसते गोड हिरो आणि रोमान्स? महाड-पोलादपूरच्या नजरेनं बघा, वेगळंच काहीतरी दिसेल.

‘कोरियन बघतेस म्हणजे तुला ते गुळगुळीत चेहऱ्याचे हिरो आवडत असणार!’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ऐकून सोडूनही दिलं असेल. पण आता सोडायचं नाही, कारण हे वेड आता चार मैत्रिणींपुरतं उरलेलं नाही. गेल्या सप्टेंबरात ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमे आपल्याकडे हिंदी डबिंगसह लागला, तेव्हा मुंबईत पोरं भल्या पहाटेच्या शोला थिएटरात हजर होती. म्हणजे आपली पिढी हे सगळं बघतेय, हे नक्की. प्रश्न एवढाच की त्यातून आपण नेमकं काय उचलतोय?

माझं मत सांगते. कोरियन-जपानी सिनेमा मला आवडतो तो त्यातल्या आपत्तींमुळे. त्यांच्याकडे इमारत पडते, बोगदा ढासळतो, पूर येतो आणि गोष्ट तिथं संपत नाही, तिथून सुरू होते. कोणी काय ठरवलं होतं? शोध किती दिवस घ्यायचा? जे उरले त्यांनी जगायचं कसं? महाड-पोलादपूरच्या माणसाला हे प्रश्न परके वाटतील का, तुम्हीच सांगा. येत्या २२ जुलैला तळियेच्या दरडीला पाच वर्षं होतील आणि २ ऑगस्टला सावित्री पुलाच्या दुर्घटनेला दहा.

पाऊस सगळ्यांचा सारखा नसतो

‘पॅरासाइट’ तुम्ही पाहिला असेलच. २०२० मध्ये चार ऑस्कर, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. इंग्रजी नसलेल्या सिनेमाला तो मान पहिल्यांदाच मिळाला. बहुतेकांच्या लक्षात त्यातलं श्रीमंताचं घर राहतं. माझ्या लक्षात पूर राहिलाय. एकाच रात्रीच्या पावसात अर्ध्या जमिनीखालचं गरिबाचं घर गटाराच्या पाण्यानं भरतं आणि दुसऱ्या दिवशी टेकडीवरची बाई फोनवर त्याच पावसाचं कौतुक करते, हवा कशी स्वच्छ झाली म्हणून. सोंग कांग-हो तेव्हा गाडी चालवत असतो. तो काही बोलत नाही, नुसता चेहरा बदलतो. एवढ्यासाठी मी त्याला आजचा सगळ्यात मोठा नट मानते.

हे फक्त पडद्यावरचं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलमध्ये खरंच तुफान पाऊस झाला आणि अशाच तळघरातल्या घरात एक कुटुंब बुडून गेलं. मग अशी घरं टप्प्याटप्प्यानं बंद करू, असं तिथल्या प्रशासनानं जाहीर केलं. सिनेमानं कायदा बदलत नाही, मान्य. पण त्या बातमीसोबत जगभर ‘पॅरासाइट’चं नाव निघालं. ते घर आतून कसं असतं, हे लोकांना आधीच माहीत झालं होतं.

आता २०२१ चं महाड आठवा. सावित्री आणि गांधारी एकाच रात्री शहरात घुसल्या, बाजारपेठ बुडाली. त्याच पावसात तळियेची कोंडाळकरवाडी डोंगराखाली गेली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या. मुंबईत त्या दिवशी काय वातावरण होतं? काही जणांसाठी चहा-भजीचं.

किती दिवस शोधायचं?

सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. दोन एसटी आणि एक तवेरा नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरला होता, हे तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं. योगायोग बघा, त्याच ऑगस्टच्या १० तारखेला कोरियात ‘टनेल’ प्रदर्शित झाला.

गोष्ट साधी. मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी निघालेला माणूस नव्याकोऱ्या बोगद्यात अडकतो. दोन बाटल्या पाणी, तो केक आणि मोबाइलची उरलेली बॅटरी. हा जंग-वू जवळपास अर्धा सिनेमा एकट्यानं पेलतो, तोही अधूनमधून हसवत. पण खरी गोष्ट बाहेर चाललेली असते. बाजूच्याच दुसऱ्या बोगद्याचं काम थांबलंय, नुकसान वाढतंय. सुरुवातीला हळहळणारे लोक हळूहळू म्हणायला लागतात, एका माणसासाठी किती थांबायचं? त्याच्या बायकोच्या, म्हणजे बे डूनाच्या, पुढे संमतीचा कागद येतो. मला विचाराल तर सिनेमातला सगळ्यात भीतिदायक प्रसंग दगड पडण्याचा नाही, हा आहे.

तळियेत काही दिवसांनी शोध थांबला. ८० हून अधिक माणसं गेली आणि त्यातल्या जवळपास ३० जणांचे देहसुद्धा मिळाले नाहीत. त्यांना मृत घोषित करण्यात आलं. निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद मी इथं घालत नाही. चिखल किती होता, सगळ्यांनी पाहिलंय. पण त्या निर्णयापुढे बसलेल्या घरच्यांच्या मनात काय चाललं असेल, हे बातमीच्या दोन ओळींत मावत नाही. त्याला दोन तासांचा सिनेमाच लागतो.

आज आपण पोलादपूरहून खेडला कशेडीच्या बोगद्यातून काही मिनिटांत पोहोचतो. चांगलंच आहे. पण त्यातल्या गळतीच्या बातम्या वाचल्या की मला ‘टनेल’ आठवतो, त्याला काय करू?

सगळंच आवडतं असं नाही

ली ब्युंग-हुनचा ‘काँक्रीट युटोपिया’ (२०२३) अभिनयासाठी जरूर बघा. पण तिथं माझं बिनसतं. भूकंपात एकच इमारत वाचते आणि तिथले रहिवासी आसऱ्याला आलेल्यांना मतदान घेऊन बाहेर काढतात. संकटात माणूस असाच वागतो, हे मला पटत नाही. २०२१ मध्ये महाडचा चिखल उपसायला फावडी, झाडू आणि पाण्याचे टँकर घेऊन राज्यभरातून लोक आले होते. ‘माणूस मुळात वाईट’ हे दाखवलं की सिनेमा गंभीर होतो, हा समज कोरियातही आहे म्हणायचा.

आणि तिकडे प्रश्न विचारणं फुकट होतं असंही नाही. २०१४ मध्ये सेवोल बोट बुडून ३०४ जण गेले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. सरकारवर बोलणाऱ्या कलाकारांची एक काळी यादी तेव्हा होती, हे पुढे उघड झालं. त्यात बोंग जून-हो आणि सोंग कांग-हो यांचीही नावं होती. तरी २०१९ मध्ये ‘बर्थडे’ आला. गेलेल्या मुलाचा वाढदिवस करायचा की नाही, एवढीच गोष्ट. जॉन दो-यॉनची आई बघून उठवत नाही.

आपल्याकडे? ‘केदारनाथ’मध्ये प्रलय आला तो प्रेमकथेचा शेवट करायला. मल्याळममध्ये मात्र केरळच्या पुरावर ‘२०१८’ झाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे प्रेक्षक नाही, ही सबब चालणार नाही.

म्हणून फॅन मंडळींना एक सांगणं. हे सिनेमे बघून झाले की नुसती रील टाकू नका. तळियेचे लोक पुनर्वसनाच्या घरांची वाट बघत कंटेनरमध्ये राहिले, त्यांच्याशी बोला. बाजारपेठेत पाणी कुठवर आलं होतं ते दुकानदारांना विचारा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. ‘निसर्गाचा कोप’ म्हणून फाइल बंद होते, माणसांचं बोलणं राहिलं पाहिजे. उद्या कुणी मराठी ‘टनेल’ लिहायला बसलाच, तर त्याला आधी हेच लागेल.

इथून सुरुवात करा

टनेल (२०१६): एकट्यानं बघा.
बर्थडे (२०१९): आईबरोबर बघा, रुमाल जवळ ठेवा.
सुझुमे (२०२२): माकोतो शिंकाईचा ॲनिमे. २०११ च्या त्सुनामीत आई गमावलेल्या मुलीची गोष्ट. तिच्या लहानपणीच्या डायरीची काळी केलेली पानं दिसली की थोडं थांबा.