500 बुकमार्कचे पॅकेज घेताय? आधी हे वाचा

‘महिन्यात 500 सोशल बुकमार्क, वेबसाइटवर गर्दीच गर्दी’ अशी पॅकेजेस छोट्या व्यावसायिकांना आजही विकली जातात. पैसे मोजण्याआधी ही पद्धत समजून घ्यायला हवी.

काय आहे सोशल बुकमार्किंग?
2003 मध्ये जोशुआ शॅक्टर यांनी ‘डिलिशस’ ही सेवा सुरू केली. आवडलेली लिंक तिथे साठवायची आणि ‘रेसिपी’, ‘प्रवास’ असे टॅग लावायचे. तोच टॅग पाहणाऱ्या अनोळखी माणसालाही ती लिंक सापडायची. 2005 मध्ये याहूने ही सेवा विकत घेतली.

बिघडले कुठे?
वाचकाने जपलेली लिंक म्हणजे शिफारस. पण बनावट खाती उघडून स्वतःच्याच लिंक टाकण्याचा धंदा सुरू झाला. 2012 मध्ये गुगलच्या ‘पेंग्विन’ अपडेटने अशा लिंकच्या जोरावर वर आलेल्या साइट शोधयादीत खाली ढकलल्या. 2017 मध्ये डिलिशसवर नव्या लिंक साठवणेही बंद झाले.

मग टॅग निरुपयोगी?
अजिबात नाही. पिंटरेस्टवर फराळाच्या फोटोला ‘बेस्ट’, ‘ट्रेंडिंग’ असे शब्द जोडून उपयोग नाही. ‘भाजणीची चकली’ लिहिले, तर चकली शोधणारा नेमका तिथे पोहोचू शकतो. टॅग लावताना प्रश्न एकच विचारावा: ग्राहक हाच शब्द टाइप करेल का?

पाचशे ठिकाणी स्वतः लिंक चिकटवण्यापेक्षा पाच ग्राहकांनी ती आपणहून जपणे अधिक मोलाचे. पॅकेजचे पैसे चांगला फोटो आणि नेमकी माहिती देण्यावर खर्च केलेले बरे.