डायल रंगवू नका

घरात वडिलांचं किंवा आजोबांचं चावीचं घड्याळ पडून असेल, तर हे वाचून होईपर्यंत ते कुणाच्या हाती देऊ नका. 'नव्यासारखं करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती तर मुळीच नाही.

ठेच लागली म्हणून सांगतोय. माझ्या वडिलांना लग्नात सासरकडून एचएमटीची जनता मिळाली होती. पांढरी डायल, १७ ज्वेल. चाळीस वर्षं बांध्यांमध्ये, रोवणीत आणि चुरण्यात मनगटावर राहून ती डायल चहाच्या रंगाची झाली होती आणि सहाच्या आकड्याशी पाण्याचा एक डाग पडला होता. ते गेल्यावर मी हौसेनं घड्याळ दुरुस्तीला टाकलं. आठ दिवसांनी परत आलं ते निळंशार होऊन, जाड्या अक्षरांत 'जनता', कडा घासून गुळगुळीत. मी खूश. पुढे जुन्या घड्याळांच्या एका शौकिनानं डोळ्याला भिंग लावून ते पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आधीचा डाग कुठे गेला?" जुना रंग खरवडूनच नवा चढवला होता. आता तो कुठून आणणार?

आता हे सगळं काढायचं कारण असं की, आपल्या गोंदियाकडच्या कामठ्यातली पोरं मोबाइलवर जिनिव्हाचे लिलाव पाहतात आणि धानाचे चुकारे झाले की विचारतात, घड्याळात पैसा टाकू का? पाहण्यासारखं आहे खरंच. ९ नोव्हेंबर २०१९ ला पाटेक फिलिपचं एक मनगटी घड्याळ तिथे ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं, त्या वेळच्या दरानं दोनशे कोटी रुपयांच्या वर. त्यात वेळेशिवाय वीस करामती आहेत. कळ दाबली की ते तास, पाव तास आणि मिनिटं वाजवून सांगतं. लीप वर्ष आपणहून ओळखणाऱ्या अशा यंत्रात फेब्रुवारीची तारीख हातानं फिरवावी लागत नाही. २१०० साली मात्र लागेल, कारण ते वर्ष चारनं भागलं जात असूनही लीप नाही. हे सगळं बॅटरीशिवाय, नुसत्या स्प्रिंगच्या आणि दात्यांच्या जोरावर.

पण ते घड्याळ सोन्याचं नव्हतं, पोलादाचं होतं. आपल्याकडे दागिन्याची किंमत तराजूवर ठरते. तिथे उलटं चालतं. पाटेकचं १५१८ नावाचं मॉडेल १९४० च्या दशकात बहुतेक सोन्यात बनलं, पोलादातली चारच माहीत आहेत. २०१६ साली त्यातलं एक १ कोटी १० लाख फ्रँकला विकलं गेलं. दुर्मीळ म्हणजे महाग धातू नव्हे. जे कमी बनलं आणि जे कुणी बिघडवलं नाही, ते दुर्मीळ.

कधी कधी यंत्राला काहीच महत्त्व नसतं. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, वाटी, ताट आणि खिशातलं झेनिथ घड्याळ एकत्र लिलावात निघालं आणि विजय मल्ल्यांनी ते १८ लाख डॉलरला घेतलं. तसलं घड्याळ एरवी किती मोलाचं? किंमत होती ती कुणाच्या खिशात होतं याची, आणि ते पटवणाऱ्या कागदांची. म्हणून कागद फेकू नका. दुकानाची पावती, गॅरंटी कार्ड, डबा, लग्नातला तो फोटो ज्यात नवरदेवाच्या मनगटावर घड्याळ दिसतं, सगळं एका पिशवीत घालून कपाटात ठेवा.

बाजारातून घेणाऱ्यांना एक शब्द सांगून ठेवतो, 'मुंबई स्पेशल'. संग्राहकांनीच ठेवलेलं नाव आहे. जुनं मशीन, नवी रंगवलेली डायल, भलत्याच घड्याळाचे काटे, आणि वर एचएमटी, सीको किंवा फाव्र लूबाचं नाव. ऑनलाइन हजार-दोन हजाराला 'रेअर' म्हणून मिळतात. एचएमटीनं बेंगळुरूला १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीनं घड्याळं सुरू केली, २०१६ मध्ये सरकारनं तिची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून या मालाला ऊत आलाय. ओळखायचं कसं? भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. कारखान्याची छपाई बारीक आणि सरळ असते, रंगवलेली फुगते, वाकते. तीस-चाळीस वर्षांच्या घड्याळाची डायल कोऱ्या वहीसारखी असेल तर खूश होण्याआधी विचार करा. मागचं झाकण उघडून दाखवायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊ नका. आवडलं म्हणून हजार रुपयांत घातलं तर काही बिघडत नाही, फक्त त्याला ठेवा समजू नका.

मोठ्या लिलावाची बोली मात्र आपल्यासारख्यानं फोनवरून लावू नये, असं माझं स्पष्ट मत. हातोडा पडला ती किंमत शेवटची नसते. वर लिलाव घराचं कमिशन, बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास, मग कस्टम, मग जीएसटी. माल 'आहे तसा' विकला जातो. भारतात १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का आगाऊ कर (टीसीएस) वसूल करतो, आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणी घेऊच शकत नाही. त्यात ते घड्याळ बंद पडलं तर गोंदियात सोडा, नागपुरातही कुणी हात लावायला धजणार नाही. किसान क्रेडिट कार्डाचा पैसा यात घालणाऱ्याला मी शौकीन म्हणणार नाही.

आपल्या भागात जमीनदार, मालगुजार होते. एखाद्या वाड्यात साखळीचं वेस्ट एंड घड्याळ निघालं आणि ते शंभर वर्षांहून जुनं असलं, तर १९७२ च्या कायद्यानं ते पुरावस्तू ठरू शकतं. परदेशात 'चांगला भाव देतो' म्हणणाऱ्याला परस्पर पाठवून मोकळे होऊ नका, अंगलट येईल.

दुरुस्ती हवीच असेल तर घड्याळजीला तीनच शब्द सांगा, सफाई, तेल, बस. डायलला हात नाही, पॉलिश नाही. बदललेला भाग, तुटका काटासुद्धा, पुडीत बांधून परत मागा.

आणि झाकण उघडलं की आतल्या बाजूला बघा. पूर्वीचे घड्याळजी तिथे सुईनं बारीक तारीख कोरून ठेवत. वडिलांच्या जनताच्या झाकणात अशा चार खुणा आहेत. एक वाचता येते, १२.६.८४, म्हणजे रोवणीच्या तोंडावर कधीतरी बंद पडलं असणार. शेवटची खूण ताजी आणि खोल आहे. ती डायल रंगवणाऱ्याची.