"उंच गाडी घ्या ना साहेब!"

मित्रांनो, आज गाडीबद्दल लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, कारण प्रश्न गाडीचा नाही.

माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. २०१८ चं मॉडेल, पुण्याहून सेकंडहॅन्ड आणलेलं, कर्ज काढून. "पत्रकाराला जीटी कशी परवडते?" हा टोमणा दर निवडणुकीला कमेंटमध्ये येतो, म्हणून कर्जाचं आधीच सांगून टाकलं. हप्ते फिटलेत.

सहा वर्षांत ८५ हजार किलोमीटर झाले. गाडी कशी आहे? १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा ऑटोमॅटिक. उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना पाय दाबला की जीव मुठीत धरावा लागत नाही. वळणावर रस्ता धरून चालते. गावात १२, हायवेला १६ चं ॲव्हरेज. मागे तिघं बसली की अंग चोरून बसतात. आईला उतरताना हात द्यावा लागतो. तरी पहाटे मोकळ्या रस्त्यावर ही गाडी चालवणं हे माझं एकमेव व्यसन आहे म्हणा.

आता खर्चाची वही. लोअर आर्म दोनदा. लिंक रॉड चारदा. दोन अलॉय वाकले, तीन टायर साईडनं फुगले, चेंबर एकदा फुटला. यात गाडीचा दोष एकही नाही. सगळं आपल्या तालुक्याच्या रस्त्यांनी खाल्लं. गॅरेजवाला दर वेळी एकच सांगतो, "साहेब, गाडी बरोबर आहे, गाव चुकलंय. विका ही आणि उंच घ्या."

आज भांडण आहे ते या वाक्याशी.

नळाला गढूळ पाणी आलं, फिल्टर बसवा. लाईट गेली, इन्व्हर्टर घ्या. शाळेत शिकवत नाहीत, क्लास लावा. रस्ता फुटला, उंच गाडी घ्या. ज्याला परवडतं तो पैसे मोजून तक्रारीच्या रांगेतून बाहेर पडतो. रांगेत कोण उरतं? दुचाकीवाला, रिक्षावाला, सायकलवर शाळेला जाणारी पोरगी. त्यांना ग्राउंड क्लिअरन्स विकत मिळत नाही. आणि त्यांचं ऐकतं कोण?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस, संध्याकाळची वेळ, भुरभुर चालू. गावाबाहेरच्या शाळेजवळ आदल्या रात्रीत एक ब्रेकर उगवला होता. ना पांढरे पट्टे, ना पाटी. मी ४० च्या आत होतो, तरी गाडी आदळली आणि अलॉय वाकला. खाली उतरून टायर बघतोय तोवर मागून एक दुचाकी आली. नवरा-बायको, मध्ये पिशव्या. मी हात केला, ओरडलो. उपयोग झाला नाही. ताई मागच्या मागे उडून पडल्या. मनगट मोडलं, डोक्याला सहा टाके. माझा अलॉय काही हजारांत सरळ झाला. त्या ताई शेतमजुरी करतात, चार महिने हात गळ्यात होता. त्या चार महिन्यांचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. उंची साडेसात इंच, रुंदी जेमतेम दोन फूट. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप काय सांगतं? उंची १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच. रुंदी ३.७ मीटर, म्हणजे बारा फूट. पट्टे हवेत, ४० मीटर आधी पाटी हवी. माझी 'खाली बसणारी' गाडी जमिनीपासून साधारण साडेसहा इंच वर आहे. म्हणजे मापातला ब्रेकर तिच्या पोटाला शिवतसुद्धा नाही! मग चुकीची काय, गाडी की ब्रेकर?

काहीजण म्हणतील, ब्रेकर तर लोकांनीच मागितला होता. बरोबर आहे. तिथे एका पोराला ट्रकनं उडवलं, मग रास्ता रोको झाला. मागणी शंभर टक्के योग्य होती, मी स्वतः बातमी केली होती. पण लोकांनी सुरक्षितता मागितली होती. त्यांचं तोंड बंद करायला रात्रीतून डांबराचा ढीग टाकून दिला. अपघातावर उपाय म्हणून दुसरा अपघात!

दुसरं म्हणतील, स्पोर्टी गाडीवाल्यानं वेगावर बोलू नये. मला एकदा ओव्हरस्पीडचं चलान आलंय. चूक माझी होती, पैसे भरले. कॅमेरा मला पकडतो, छान. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९८-अ आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे नसेल आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. वीस वर्षं बातमीदारी करतोय, हे कलम आपल्याकडे कुणाला लागलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्यासाठी कॅमेरा कुठे बसवलाय?

आणि फुकट मागत नाही आपण. दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली की राज्याचा ११ टक्के कर, एकरकमी. माझ्या गाडीचा पहिल्या मालकानं भरला, पण किमतीत माझ्याकडून वसूल झालाच. वर पेट्रोलवर केंद्राचा रस्ते-पायाभूत सुविधांचा उपकर. तो दुचाकीवालाही भरतो.

खड्ड्यांचं तर न्यायालयानंच सांगून ठेवलंय. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग, असं मुंबई उच्च न्यायालय २०१५ पासून सांगतंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी आकडेही ठरवले: खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. पण अर्ज तर कुणीतरी करायला हवा!

म्हणून फक्त लाईक नको. तीन प्रश्न लिहून घ्या आणि माहितीच्या अधिकारात टाका, दहा रुपये लागतात. एक, हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे? दोन, काम कोणत्या ठेकेदारानं केलं आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो? त्या मुदतीत दुरुस्ती त्यानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. तीन, हा ब्रेकर कोणाच्या मंजुरीनं झाला?

मी शाळेजवळच्या रस्त्यासाठी हे तिन्ही प्रश्न टाकले. पहिलं कार्यालय म्हणालं रस्ता आमचा नाही. दुसरंही तेच म्हणालं. दोन्ही उत्तरं शिक्क्यासकट माझ्याकडे आहेत. आता अपिलात आहे. मधल्या काळात ब्रेकरवर पट्टे आलेत. चुन्याचे. समोरच्या टपरीवाल्यानं स्वतः मारलेत.

पोलो आता भारतात बनत नाही, २०२२ मध्ये बंद झाली. माझी अजून आहे, आणि ती मी विकणार नाही. उंच गाडीत बसलो तर ती साडेसात इंचं मलाही जाणवायची बंद होतील. मग ही पोस्ट लिहिणार कोण?

तुमच्या गावातल्या बिनपट्ट्याच्या ब्रेकरचा फोटो आणि ठिकाण खाली टाका. शक्य असेल तर टेप लावून. यादी करू, एकत्र अर्ज देऊ.