रंजक, ऐरण आणि दादाची रायफल

मागच्या शनिवारी दौलताबादला गेलो होतो. टेक्सासहून चुलतभाऊ आलाय, त्याला किल्ला दाखवायचा होता. चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे ना (तीच, मागचं टोक मेंढ्याच्या डोक्यासारखं असलेली, किलाशिकन), तिच्यापाशी दादा जो थांबला तो हलेचना. मला वाटलं, गडी इतिहासात रमला. तर म्हणतो, "यांचं बरं होतं रे. तोफेच्या कानात रंजक भरा, पेटती बत्ती लावा, विषय संपला. माझी साली दहातली दोन काडतुसं पेटतच नाहीत."

तर मंडळी, दादाने गॅरेजमध्ये सुटे भाग जोडून स्वतःची रायफल बांधली आहे. तिकडे बऱ्याच राज्यांत स्वतःपुरती चालते. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, त्यामुळे इथे कोणी सुचवून घेऊ नका :-)

दुखणं असं. चाप ओढला की पिन प्रायमरवर आपटते, खळगा पडतो, पण उथळ. बार होत नाही. दादाने लगेच जास्त ताकदीची स्प्रिंग मागवून बसवली. दहातली दोन होती, ती आता एकावर आली. दादा खूश!

मी नाही झालो. आमच्या टीममध्ये एकदा सर्व्हर अडकायला लागला तेव्हा एकाने टाइमआउट ३० सेकंदांचा ९० केला होता. तक्रारी थांबल्या, बग तिथेच. आपण दोष जिथे असेल तिथे शोधत नाही, हात जिथे पोचतो तिथे शोधतो. आणि वस्तू स्वतः बांधलेली असली की संशय तिच्यावरच.

मी विचारलं, "न उडालेलं काडतूस परत घालून पाहिलंस?"

"हो, दुसऱ्या ठोक्याला उडतं."

"आणि भरतं कोण?"

"मीच."

अरे मग! प्रायमर म्हणजे काय, एक छोटी वाटी, तिच्यात स्फोटक मसाला आणि आत चिमुकली ऐरण. पिनच्या ठोक्याने मसाला वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडला की ठिणगी. प्रायमर पूर्ण आत बसला नसेल तर पहिल्या ठोक्याची ताकद त्याला आत ढकलण्यातच जाते. दुसरा ठोका मग बरोबर लागतो. पिनच्या वाटेत साचलेलं तेल किंवा नीट बंद न झालेला बोल्टही कारण असू शकतं, नाही असं नाही. पण दादाने फॅक्टरीची काडतुसं एकदाही वापरून पाहिली नव्हती. इंजिनिअर माणूस! शिवाय बाहेर डोकावणारा प्रायमर बोल्ट आपटून बंद होतानाच पेटू शकतो. म्हणजे स्प्रिंगने आवाज तेवढा दाबला, धोका ठेवला.

खरा धक्का पुढे होता. बार झाला नाही की हा लगेच बोल्ट उघडतो! एनसीसीत पॉइंट टू टू चालवताना उस्तादांनी पहिली गोष्ट शिकवली ती हीच: गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेव, बोल्टला हात लावू नकोस, थांब. कधीकधी मसाला उशिरा पेटतो. निदान ३० सेकंद. दादा म्हणे, "इतक्या वेळा काही झालं नाही." हे वाक्य मी ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करणाऱ्यांकडून ऐकलंय.

बाकी बत्तीच्या काळातही सगळं सोपं नव्हतं हं. रंजक ओली झाली की बोंब, कधी नुसती रंजक उडायची आणि बार राहायचा. ठोक्याने पेटणारी दारू वापरायची युक्ती अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये पेटंट केली. कारण काय, तर रंजकेचा उजेड बघून पक्षी उडून जायचे. गरज ही अशी.

उतरताना सीताफळं घेतली. दादा परत गेल्यावर जुनी स्प्रिंग बसवून फॅक्टरीची २० आणि स्वतः भरलेली २० काडतुसं चालवणार आहे, मध्ये दुसरं काहीही न बदलता. उरलेल्या भरलेल्या काडतुसांच्या बुडावरून बोट फिरवून बघ म्हटलंय, प्रायमर वर लागतो का ते.