गुंतवळ मोजू नका, भांग पाहा

फणीत आलेला प्रत्येक केस म्हणजे डोक्यावरून कायमचा वजा झालेला केस, असं बहुतेकांना वाटतं. पुरावा म्हणून केसाच्या टोकाचा पांढरा ठिपका दाखवला जातो: ‘बघा, मुळासकट निघाला!’ ही समजूत साफ चुकीची आहे. तेलांचा, गोळ्यांचा आणि महागड्या ‘हेअर ट्रीटमेंट’चा निम्मा बाजार तिच्यावरच उभा आहे.

तो ठिपका एकदा उजेडात धरून बघावा. टाचणीच्या डोक्याहून लहान, कोरडा, पांढुरका, गोलसर. ते केसाचं मूळ नव्हे. वाढ पुरी झालेल्या केसाचं ते बंद झालेलं टोक आहे. केस जिथून उगवतो ती पिशवी कातडीतच राहते आणि पुष्कळदा जुना केस सुटण्याआधीच तिच्यात नवा रुजलेला असतो. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, पुढे साधारण तीन महिने तो नुसता टिकून असतो आणि शेवटी गळतो. आपल्या आज्या गुंतवळ डब्यात साठवायच्या आणि गल्लीत फेरीवाली आली की त्यावर भांडं घ्यायच्या. केस रोज गळणारच, हे त्यांनी धरलेलंच होतं.

दुसरा बागुलबुवा शंभराच्या आकड्याचा. डोक्यावर साधारण एक लाख केस धरले, त्यांतले दहा टक्के एका वेळी विसाव्यात असतात असं मानलं आणि ते दहा हजार केस शंभरएक दिवसांत गळतात असा हिशेब केला, की रोजचे शंभर येतात. हा ढोबळ हिशेब आहे, लक्ष्मणरेषा नव्हे. कुणाचे पन्नास गळतील, कुणाचे शंभराहून थोडे जास्त. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या बाईच्या हाती तीन-चार दिवसांचे केस एकदम येतात. कमरेपर्यंतच्या केसांचे पन्नास धागे मोरीच्या जाळीवर केवढे दिसतात! नवऱ्याचे तेवढेच आखूड केस पाण्याबरोबर निघूनही जातात. म्हणून न्हाणं कमी करणाऱ्या मुली भेटतात तेव्हा वाईट वाटतं. न्हाण्यानं केस गळत नाहीत, सुटलेले केस फक्त बाहेर येतात.

तिसरा दावा सगळ्यांत चिवट: ‘अमुक तेलानं माझे केस गळायचे थांबले.’ सांगणारा खोटं बोलत नाही, तरी निष्कर्ष खोटा आहे. भाद्रपदात डेंग्यू होतो. तापाच्या धक्क्यानं वाढीतले पुष्कळ केस एकदम विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. १९६१ मध्ये अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी या गळतीचं नीट वर्णन केलं. केस गळू लागेपर्यंत दिवाळी उलटलेली असते, ताप विस्मरणात गेलेला असतो आणि दोष जातो बोअरच्या पाण्याला नाहीतर नव्या शाम्पूला. मग एकामागून एक तेलं होतात. ही गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते, आणि त्या वेळी जी बाटली हातात असेल तिला श्रेय मिळतं. टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया, उपासमारीचं डाएट, बाळंतपण, सगळ्यांचा हाच क्रम. तेव्हा केस गळू लागले की पहिला प्रश्न काल काय लावलं हा नको. तीन महिन्यांपूर्वी शरीरावर काय गुजरलं, हा हवा.

पण ‘केस गळायचेच, त्यात काय’ म्हणून सगळ्यांना घरी पाठवणाऱ्यांशीही माझं तितकंच भांडण आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले, काही दिवसांत टक्कल पडलं. आधी पाणी आणि शाम्पू यांच्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. इतक्या झपाट्यानं, एकाच भागातल्या इतक्यांचे केस जाणं हे नेहमीचं गळणं नव्हे, हे गावकऱ्यांनी लगेच ओळखलं आणि ते बरोबर होते.

घरच्या घरी बघायचं तर जाळी सोडा, आरशात भांग पाहा. जुन्या फोटोशी ताडून पाहा. भांग रुंदावतोय, वेणी पूर्वीपेक्षा बारीक झालीय, कपाळावरची रेघ मागे सरकतेय, तर गुंतवळ लहान असली तरी दाखवायला हवं, कारण आनुवंशिक विरळपणात केस भरमसाट गळण्यापेक्षा उगवण्याच्या प्रत्येक फेरीगणिक बारीक होत जातात आणि उपचार जितका लवकर तितकं जास्त वाचतं. रोज घट्ट ओढून बांधलेल्या केसांनी कानाजवळचे, कपाळाजवळचे केस जातात. तिथे आधी बांधणी सैल करावी. चाईचा गुळगुळीत गोल, मुलाच्या डोक्यावर खपल्यांचा चट्टा, पाळी अनियमित होऊन हनुवटीवर राठ केस, सहा महिन्यांनंतरही न थांबलेली गळती, यांतलं काहीही अंगावर काढू नये. टाळूची आग होत असेल, ती लाल झाली असेल किंवा कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, तर महिनाभर वाट पाहणंही महागात पडतं, कारण तिथे पिशवीच मरते आणि मेलेल्या जागी केस परत येत नाही.

डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड बघतील. जाण्याआधी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा. बायोटिनमुळे काही प्रकारच्या थायरॉइड चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात. थायरॉइड मंदावला की वाढणारा टीएसएच असतो त्याहून कमी दिसू शकतो, आणि ज्या बाईचे केस थायरॉइड मंदावल्यामुळेच जात असतील तिचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊन ती पुन्हा तेलाच्या दुकानात जाईल.