वाऱ्याची आणेवारी

आमचे आंधळगाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध. पण आमचे घर मात्र धान पिकवणाऱ्याचे. दिवाळीच्या सुमारास हलके धान खळ्यावर येई. मळणी झाली की वडील तिवईवर उभे राहून सुपातून धान सोडत. वारा बरा असला की दाणा पायाशी पडे, फोल दूर जाई.

एका साली वडिलांनी उभ्या पिकावरून नजर फिरवली, वीस खंडीचा अंदाज केला आणि त्या भरवशावर बहिणीचे लग्न ठरवले. मळणी झाली आणि वारा पडला! तीन दिवस रास तशीच. चौथ्या दिवशी पावसाने गाठले. ढोलीत गेले ते अकरा खंडी.

हे आठवायचे कारण, परवा वर्गात एक विद्यार्थी म्हणाला, "सर, समुद्रावरचा वारा जगाला लागते त्याच्या अठरापट वीज देईल!" मराठीच्या तासाला हे काय, असे म्हणून मी त्याला गप्प बसवणार होतो, पण आकडा खोटा नव्हता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१९ साली तसा अंदाज दिला आहे : वर्षाला ४ लाख २० हजार अब्ज युनिट.

पण वाचकहो, हे उभे पीक झाले. वाऱ्याचा हिशेब मोठा तऱ्हेवाईक. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. उलट वेग १० टक्के कमी भरला, तर शक्ती २७ टक्क्यांनी घटते. रुपयातले चार आणे तिथेच गेले! शिवाय पुढच्या पवनचक्कीचा उष्टा वारा मागचीच्या वाट्याला येतो. पाणी साठ मीटरांहून खोल असले तर पाया तरंगता लागतो. आणि त्या अठरापटीतला मोठा वाटा अशाच खोल पाण्यावरचा आहे.

डेन्मार्कने १९९१ साली विंडबीच्या समुद्रात ११ पवनचक्क्या रोवल्या, त्यांची क्षमता सारी मिळून ५ मेगावॅट. आपल्याकडे गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रात ७० हजार मेगावॅटचा अंदाज आहे. २०२४ साली केंद्राने मदत मंजूर केली ती १ हजार मेगावॅटसाठी.

मग अंदाज करूच नये का? अंदाजावाचून कोणी बियाणे तरी घेईल का? त्या सालानंतरही वडील खंडीचा आकडा सांगत; फक्त पुढे म्हणत, "वारा लागला तर." जाणत्यांच्या अहवालातही असे 'जर-तर' असतातच, आपण तेवढे गाळून आकडा पाठ करतो.

बहिणीचे लग्न पुढच्या वर्षी झाले. तारीख मात्र वडिलांनी ढोली भरल्यावर धरली.