आराखडा कोणासाठी?

वसईहून दिव्याकडे जाणारी गाडी जूचंद्र आणि कामण रोड मागे टाकून खारबावला येते. अंतर फार नाही. पण या स्थानकाच्या पश्चिमेस आणि पूर्वेस दोन वेगळी जगे आहेत. पश्चिमेस वसईचा ख्रिस्ती पट्टा आहे. तेथे चर्चच्या शेजारी शाळा उभी राहिली आणि तिने बागायतदाराच्या व मच्छीमाराच्या मुलाला शिक्षक, अधिकारी, लेखक केले. पूर्वेस भिवंडीचे यंत्रमाग आहेत, मैलोगणती पसरलेली गोदामे आहेत, वीटभट्ट्या आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई तिकडे गेली आणि खारबाव ठाणे जिल्ह्यात राहिले. शासनाच्या नकाशावर ही रेघ त्या दिवशी पडली. आपल्या मनाच्या नकाशावर ती त्याआधीच पडलेली होती.

कॅथलिक शाळांच्या भवितव्याचे नियोजन, हा विषय आज सर्वत्र चर्चिला जात आहे. नियोजन व्हावे, याबद्दल दुमत नाही. परंतु नियोजन म्हणून जे कागद पुढे येतात, त्यांत बहुधा काय असते? नवी इमारत, संगणक कक्ष, राज्य मंडळाऐवजी केंद्रीय मंडळ, मराठी माध्यमाच्या जागी इंग्रजी माध्यम आणि वाढीव शुल्क. शाळा कशी दिसेल, याचा तपशील पानोपानी असतो. तिच्या बाकावर कोण बसेल, याबद्दल मात्र एक ओळही नसते. हा भविष्याचा आराखडा नव्हे, हे बांधकामाचे अंदाजपत्रक होय.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसृत केला. कॅथलिक शाळांनी गरिबांकडे, कुटुंबाच्या आधाराला पारखे झालेल्यांकडे आणि आपल्या श्रद्धेबाहेरच्यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे त्यात स्पष्टपणे सांगितले आहे. साठ वर्षांनंतर आपण कोठे आहोत? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्य शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत. आणि सर्व अल्पसंख्य शाळा एकत्र घेतल्या, तर सामाजिक-आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुले ८.७६ टक्के एवढीच आहेत. आयोगाच्या हेतूविषयी कोणी शंका घ्यावी. परंतु आरसा कोणी धरला, यावरून चेहरा बदलत नाही. परधर्मीयांसाठी आपली दारे उघडी आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ती दारे ज्यांना शुल्क परवडते त्यांच्यासाठीच उघडत असतील, तर हा अभिमान पोकळ आहे.

येथे कायद्याचा प्रश्न येतो. संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशवर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवणे बंधनकारक झाले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात अल्पसंख्य शाळांना या कायद्यातून वगळले. आपण सुटकेचा निःश्वास टाकला. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

माझे म्हणणे असे, की मोठे पीठ काय ठरवील याची वाट पाहत बसणे आपल्याला शोभत नाही. ३० व्या कलमाचे रक्षण न्यायालयात अवश्य करावे. त्या हक्कावर आपल्या संस्थांचे अस्तित्व उभे आहे. परंतु हक्क कशासाठी मागितला, हे सांगता आले पाहिजे. कायद्याने सक्ती नसताना चौथ्या हिश्श्याच्या जागा आपण होऊन गरिबांना दिल्या, तर त्याला सुवार्ता म्हणता येईल. न्यायालयाने भाग पाडल्यावर दिल्या, तर ते केवळ आज्ञापालन होय.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला पैशाचा. विनाअनुदानित शाळेने शिक्षकांचे वेतन द्यायचे कोठून? आक्षेप खरा आहे. पण ज्या धर्मग्रामात सणाच्या रोषणाईसाठी आणि मंडपासाठी वर्गणी जमते, तेथे वीस मुलांच्या शुल्कासाठी ती जमणार नाही, हे पटत नाही. अट एवढीच, की शाळेचा जमाखर्च वर्षातून एकदा धर्मग्रामाच्या सभेपुढे यावा. हिशेब दिसला, की हात सैल होतो.

दुसरा आक्षेप भाषेचा. पालकांनाच इंग्रजी हवी, तर मराठी शाळा कोणासाठी चालवायची? पटसंख्या घसरली आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकषही कठोर झाले, हे नाकारता येत नाही. तरीही तलासरीचे ज्ञानमाता सदन आणि संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय येशूसंघीयांनी कोणासाठी उभे केले, हे आठवावे. पहिल्या पिढीने अक्षर गिरवायचे ते घरच्या भाषेच्या आधारानेच. इंग्रजी उत्तम शिकवावी, सेमी-इंग्रजीचे वर्ग चालवावेत. पण मराठी वर्ग बंद करताना त्यातली शेवटची तीस मुले कोठे गेली, याची नोंद कोणी ठेवतो काय? ती शेजारच्या इंग्रजी वर्गात गेलेली नसतात. त्यांच्यापैकी कित्येक शाळेबाहेर गेलेली असतात.

पुन्हा खारबावकडे पाहावे. या परिसरात रस्ते, मालवाहतूक आणि गोदामे वाढतच जाणार आहेत. त्यांबरोबर परप्रांतीय हमालांची, वाहनचालकांची कुटुंबे येतील. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचे अर्धे वर्ष मुलांच्या हातून निसटते. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या. झोपडीत फळा टांगून शाळा भरू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. ज्यांच्यापाशी इमारती, वसतिगृहे, धर्मभगिनी आणि निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना हे अशक्य आहे काय?

म्हणून आराखड्यात चार गोष्टी लिहून मागाव्यात: प्रवेशवर्गात गरिबांचा चौथा हिस्सा, मराठी वर्ग बंद करण्यापूर्वी प्रत्येक मुलाची सोय, स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वर्ग, आणि शिक्षकांचे रास्त वेतन व त्यांचे प्रशिक्षण. पुढच्या पालकसभेत वा धर्मग्राम परिषदेत नव्या इमारतीचे चित्र दाखविले जाईल, तेव्हा प्रापंचिकांनी आदराने, पण ठामपणे उभे राहून विचारावे: फादर, या इमारतीत भट्टीवरच्या मुलाचा वर्ग कोणता?